गोदामवाल्याची फ्लॉपी

यंदाच्या दिवाळीत जर्मनीहून आलेल्या माझ्या पुतण्याने डोंबिवलीच्या घरी सर्वांसाठी काही ना काही आणले. त्यांत काकांच्या वाट्याला एक चौकोनी खोके आले. खोक्यात जाड कागदावर छापलेली पुस्तिका होती आणि साडेतीन इंची काळी फ्लॉपी. काकांनी ती हातात घेतली आणि कोणी काही सांगण्याआधीच अंगठ्याने तिचे धातूचे झाकण बाजूला सारून सोडून दिले. टक् असा आवाज झाला. वीस वर्षांत ज्या वस्तूला त्यांनी स्पर्श केला नव्हता, तिची खोड हाताला मात्र आठवत होती.

"आजोबा, नवा खेळ आहे," पुतण्या म्हणाला. "म्हणजे जुनाच आहे, पुन्हा काढलाय."

परदेशांत असे छोटे प्रकाशक आता बरेच झाले आहेत. कॉमडोर ६४, अमिगा किंवा डॉसवर चालणारे संगणक अशा जुन्या यंत्रांचे खेळ ते पुस्तिकेसह, सजविलेल्या खोक्यात, खऱ्या फ्लॉपीवर विकतात. काही जण त्या यंत्रांसाठी नवे खेळही लिहितात. कॉमडोर ६४चा 'सॅम्स जर्नी' हा खेळ २०१७ मध्ये निघाला, तेव्हा ते यंत्र बनविणारी कंपनी बुडून तेवीस वर्षे झाली होती. यात हौस आहे, थोडी फॅशन आहे आणि व्यापारही आहे. पडून राहिलेल्या मालाला गिऱ्हाईक बदलले की मोल कसे चढते, हे आपल्यासारख्यांना कोणी शिकवायला नको. गंमत अशी की खेळ पुन्हा निघाला तरी फ्लॉपी काही पुन्हा निघालेली नसते. साडेतीन इंची फ्लॉपी ज्या सोनी कंपनीने आणली, तिनेच २०११ मध्ये जपानमधील तिची विक्री थांबविली. आज मिळतात त्या बहुतांशी जुन्या साठ्यातल्या. नव्या कोऱ्या खोक्यातली ही चकतीसुद्धा कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेली असणार.

आणि खेळही गोदामाचाच होता! 'सोकोबान' या जपानी खेळाच्या घराण्यातला. सोकोबान म्हणजे गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो १९८१ मध्ये रचला आणि त्यांच्या 'थिंकिंग रॅबिट' या कंपनीने १९८२ मध्ये प्रकाशित केला. पुढे अमेरिकेत 'स्पेक्ट्रम होलोबाइट'ने तो काढला. याच कंपनीने तिकडे टेट्रिसही विकला. सोकोबानचे नियम दोन ओळींत सांगून होतात. गोदामात काही खोकी इतस्ततः पडली आहेत, जमिनीवर तेवढ्याच खुणा आहेत. प्रत्येक खोके एकेका खुणेवर न्यायचे. खोके ढकलता येते, ओढता येत नाही. आणि एका वेळी एकच ढकलता येते. खोके कोपऱ्यात गेले की ते तिथून निघत नाही, मग बाकीची सगळी जागच्या जागी लागली तरी डाव फुकट.

आपल्यापैकी कित्येकांची गोदामे भिवंडी तालुक्यात आहेत. काल्हेर, पूर्णा, दापोडे, मानकोली ही नावे आपल्या घराघरांत नातेवाइकांच्या नावांइतकी परिचित आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण नाशिकच्या महामार्गाला आणि न्हावा-शेवा बंदराच्या वाटेला जवळ, अशी ही जागा. २०१७ मध्ये मुंबईची जकात संपली. गोदामे काही उठली नाहीत, वाढलीच. तिथे माल लावणाऱ्याला सोकोबान समजावून सांगावा लागत नाही. आधी लागणारा माल मागे गेला आणि त्याच्यापुढे दिवाळीनंतरचा माल आला, की काय होते हे ट्रक दारात उभा राहिल्यावर कळते.

हा खेळ वाटतो तेवढा साधा नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले की, सोकोबान हा गणिती दृष्टीने अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गातला आहे. गोदाम मोठे झाले की शक्यता इतक्या वेगाने वाढतात की संगणकालाही वाट सापडेलच असा भरवसा देता येत नाही. एवढे अवघड कोडे जागा मात्र किती कमी व्यापते! भिंत, खोके, खूण आणि माणूस यांना एकेक अक्षर दिले, तर एका पातळीचा नकाशा साधारण दोनशे अक्षरांत मावतो. एका फ्लॉपीवर असे सात हजार नकाशे बसतील.

फ्लॉपीच्या मापाची एक गोष्ट व्यापाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखी आहे. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० गोल पट्टे, प्रत्येक पट्ट्यात १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० बाइट होतात. दहा लाखांच्या मापाने हे १.४७ मेगाबाइट, संगणकाच्या १०२४च्या मापाने सुमारे १.४१. वेष्टनावर छापतात तो १.४४ हा आकडा निम्मे माप एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने धरल्यावर येतो. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आपण असे मापले असते तर वजनमापवाल्यांनी दुकानाला टाळे लावले असते."

खेळ आला, पण घालायचा कशात? घरातल्या एकाही संगणकाला फ्लॉपीची खाच नाही. भाऊबीज झाल्यावर पुतण्याला घेऊन मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी सारी मुंबई त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणते. चौथ्या दुकानात एका वयस्क विक्रेत्याने माळ्यावरून यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह काढून दिला आणि "कसली फ्लॉपी वाचायची आहे?" असे विचारले. खेळाची, म्हणून सांगितले. तो हसला. "या ड्राइव्हला येणारे बहुतेक लोक हिशेबाची घेऊन येतात," तो म्हणाला. तेव्हा त्या वाक्याकडे मी लक्ष दिले नाही.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून, सगळे टेबलाभोवती जमले. पुतण्याने संगणकावर डॉसबॉक्स हा जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसविला. ड्राइव्हने घरघर केली, थांबला, पुन्हा घरघरला, आणि पडद्यावर गोदाम उभे राहिले. पहिल्या चार पातळ्या मुलांनी सोडविल्या. पाचवीत सगळे अडकले. काका चष्मा लावून बसले, त्यांनीही दोन खोकी कोपऱ्यात घातली. तेवढ्यात आमच्या गोदामाचे मुकादम दिवाळीच्या भेटीला आले. फराळाची बशी हातात घेऊन ते काकांच्या मागे उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"शेठ," शेवटी ते म्हणाले, "माल नंतर हलवा. आधी मानसाला फिरायला वाट करा."

काकांनी पहिले खोके खुणेवर न नेता उलट दिशेला सारले, राखणदाराला मागून जायला गल्ली मोकळी केली, आणि पाचवी पातळी सुटली. मुकादमांनी संगणकाच्या कळीला बोट लावले नव्हते. त्यांनी दोन अनारसे खाल्ले आणि घरी गेले.

त्या रात्री गप्पा जुन्या फ्लॉपींवर गेल्या. आमच्या पिढीने डोंबिवलीच्या संगणकवर्गांत पैसे भरले ते वर्डस्टार आणि लोटस शिकायला, शिकलो 'प्रिन्स'. मास्तर बाहेर गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. 'जोशी' नावाचा व्हायरस त्याच काळातला. १९९०च्या सुमारास तो भारतात प्रथम आढळला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरला. ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप केल्याशिवाय सोडत नसे. डोंबिवलीत जोशींना काय तोटा! आमच्या वर्गातल्या प्रत्येक जोशीला त्या दिवशी चहा पाजावा लागे.

पुतण्याने तेव्हा त्या 'प्रिन्स'ची एक गोष्ट सांगितली. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो खेळ ॲपल टू संगणकावर लिहिला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, केले होते. मूळ लिखाणाच्या फ्लॉपी पुढे हरवल्या. मेकनरने त्या अनेक वर्षे शोधल्या आणि नाद सोडला. २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या कपाटाच्या तळाशी एक खोके सापडले, त्यात त्या होत्या. मेकनरने त्या स्वतः यंत्रात घातल्या नाहीत. जुन्या संगणकांची जाण असलेल्या दोघांना त्याने बोलावले, त्यांनी जपून त्यांवरचे लिखाण उतरवून घेतले, आणि मग त्याने ते जगासाठी खुले केले. तेवीस वर्षांनंतरही चकतीवरची अक्षरे शाबूत होती.

काका हे सारे शांतपणे ऐकत होते. मग उठले आणि आतून बुटांचा एक खोका घेऊन आले.

त्यात बावीस फ्लॉपी होत्या. कल्याणच्या आमच्या पेढीवर वह्या-कागदाचा घाऊक व्यापार. १९९६ साली तिथे संगणक आला, हिशेबाचा प्रोग्रॅम एका ओळखीच्या मुलाने फॉक्सप्रोमध्ये लिहून दिला होता. (टॅली तेव्हा बाजारात होतेच. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनाजोगता प्रोग्रॅम मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाने, भरत गोएंका यांनी, लिहिलेला तो प्रोग्रॅम. वडिलांच्या गरजेतून निघालेल्या अशा किती पेढ्या असतील.) रोज दुकान बंद करताना काका त्या दिवसाचा हिशेब वाराच्या फ्लॉपीवर उतरवीत, सोम, मंगळ, असे करत शनिपर्यंत, आणि ती सदऱ्याच्या खिशात घालून डोंबिवलीला आणीत. शिवाय रोजमेळ साध्या मजकुराच्या रूपात वेगळा ठेवीत, कारण प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तर काय, ही धास्ती होती. दिवाळीच्या चोपडापूजनात नव्या चोपड्यांशेजारी ही फ्लॉपीही मांडली जाई. काहींच्या लेबलांवर अजून कुंकवाचे बोट होते. पूड झाकणाच्या आत गेली असती तर चकतीचे काय झाले असते, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे आपणा सर्वांना पाठ आहे. कल्याणात उल्हास आणि वालधुनीचे पाणी सखल वस्तीत शिरले. आमच्या पेढीतही पुरुषभर पाणी होते. चोपड्या, पावतीपुस्तके, व्हाउचरच्या फायली, सगळ्यांचा लगदा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बुटांच्या खोक्यातल्या फ्लॉपी तेवढ्या कोरड्या राहिल्या. पण तोवर दुकानातला संगणक दुसरा आला होता, प्रोग्रॅम दुसरा होता, आणि त्या खोक्याची कोणाला गरज पडली नाही.

आम्ही एकेक फ्लॉपी उजेडात धरून पाहिली. नऊ फ्लॉपींच्या चकतीवर पांढुरके ठिपके होते. खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी चढते, ती यंत्राच्या डोक्याला लागली की ड्राइव्ह बिघडतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. त्या नऊ बाजूला ठेवल्या. उरलेल्या तेरांची कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवून भोक उघडे केले, म्हणजे चुकूनही वर काही लिहिले जाऊ नये. दोन वाचल्या गेल्या नाहीत. अकरा वाचल्या गेल्या.

त्यांतली एक 'शनि' होती. १२ जून १९९९.

आता मला काहीसे मागे जावे लागेल. मुरबाडकडचे एक दुकानदार आमच्याकडून दर जूनला शाळेच्या वह्या नेत. १९९९च्या जूनमध्ये त्यांच्याकडे १८,४०० रुपये येणे होते. त्या महिन्यात एका सोमवारी दुकानातल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. शनिवारची फ्लॉपी घातली तर पडद्यावर 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?' हा सुप्रसिद्ध प्रश्न. ड्राइव्हचे डोके मळले असावे. शेवटी शुक्रवारची फ्लॉपी चालली आणि शनिवारच्या नोंदी व्हाउचरांवरून पुन्हा भरल्या. पंधरवड्याने त्या दुकानदारांना बाकीचे पत्र गेले. ते आले, म्हणाले, शनिवारी रोख दिले, गल्ल्यावर मुलगा होता, गर्दी होती, पावती घ्यायची राहिली. काकांनी पावतीपुस्तक पाहिले, कीर्द पाहिली, खतावणी पाहिली. रोकडीत तेवढी रक्कम जास्त भरत होती, पण शाळा उघडण्याच्या दिवसांत फुटकळ विक्री एवढी असते की ती तिच्यात धरली गेली होती. काका म्हणाले, आमच्या चोपडीत नाही. जुलैअखेर त्या गृहस्थांनी १८,४०० रुपये पुन्हा आणून दिले, या वेळी पावती मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली, आणि त्यानंतर आमच्या पेढीची पायरी ते चढले नाहीत.

काकांनी हा प्रसंग आम्हांला अनेकदा सांगितला होता, आणि नेहमी एकाच तात्पर्याने: पावती घेतल्याशिवाय पैसा देऊ नये.

शनिवारचा रोजमेळ आजच्या कुठल्याही संगणकावर उघडतो, कारण तो नुसता मजकूर आहे. सत्तेचाळीस ओळी होत्या. एकतिसाव्या ओळीला त्या दुकानाचे नाव, पुढे रोख जमा, पुढे १८,४००.

काकांनी ती ओळ दोनदा वाचली, मला मोठ्याने वाचायला लावली, आणि पुतण्याला विचारले, "हे मागाहून कोणी लिहिलेले असू शकते का?" पुतण्याने फाइलची तारीख आणि वेळ दाखविली. रात्री ८ वाजून १० मिनिटे. काकांच्या दुकान बंद करण्याची वेळ.

घरात मतभेद झाले, ते लपविण्यात अर्थ नाही. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे पडले की एवढ्या वर्षांनी कोण विचारतो, वकिलाच्या भाषेत मुदत केव्हाच टळली; फार तर कळवावे आणि मुद्दल पाठवून द्यावे. काका म्हणाले, "उधारीवर आपण काय लावत होतो?" दरमहा दीड टक्का. मला हिशेब करायला सांगितला. १८,४०० वर महिन्याला २७६ रुपये. जुलैअखेरपासून या ऑक्टोबरअखेरपर्यंत ३१५ महिने. सरळ व्याज ८६,९४०. मुद्दलासह १,०५,३४०. भाऊ गप्प बसला. खरे सांगायचे तर आकडा ऐकून मीही गप्प बसलो.

काका कल्याणहून एसटीने एकटेच गेले. ते दुकानदार आता नाहीत, मुलगा दुकान पाहतो. काकांनी छापून नेलेला रोजमेळाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याला प्रसंग ठाऊक होता. त्याच्या घरीही तो सांगितला जात असे, अर्थात दुसऱ्या बाजूने. त्याने मुद्दल घेतले, व्याजाबद्दल आईला विचारून येतो म्हणून घरात गेला, आणि परत येऊन तेही घेतले. काकांना हे बरे वाटले, असे ते म्हणाले. रकमेची पावती त्याने न मागता लिहून दिली. वह्या तो कल्याणच्याच दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतो, आणि पुढेही तिथूनच घेणार आहे.

आपल्या घरांतही असे खोके असतील. उद्गमकर कपातीची विवरणपत्रे २००३नंतर काही वर्षे आपण फ्लॉपीवर भरून देत होतो, त्यांच्या प्रती कित्येकांच्या माळ्यावर आहेत. जपान सरकारने फ्लॉपीची सक्ती असलेले हजारावर नियम २०२४ मध्ये रद्द केले, म्हणजे उशीर झालेले आपण एकटेच नाही. ड्राइव्ह अजून मिळतात, पण त्या दुकानदाराच्या माळ्यावर तीनच उरले होते. पांढरे ठिपके दिसतील ती फ्लॉपी यंत्रात घालू नका. बाकीच्यांची खिटी सरकवून भोक उघडे करा, वाचता येतील तेवढ्या एकाच बैठकीत उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. पुढचा पावसाळा लागण्याआधी हे करावे.

पुतण्या परत गेला. खेळाच्या अकराव्या पातळीवर काका सध्या अडकले आहेत आणि मुकादमांना फोन करू देत नाहीत. बुरशी चढलेल्या नऊ फ्लॉपींची प्लास्टिकची कवचे उघडून चकत्या पुसून देणारा एक कारागीर लॅमिंग्टन रोडलाच असल्याचे त्या विक्रेत्याने फोनवर सांगितले आहे. पुढच्या शनिवारी काका आणि मी त्या घेऊन जाणार आहोत.